सिगारेट फुप्फुसात जाते, मग किडनी का बिघडते?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा विरारच्या पुढे लोकल गेली की ज्यांचं नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलंय. तारखा तेवढ्या नीट लावून घेतल्यात.

आजचा विषय मला घरातच मिळाला. माझा मामा बोईसरचा. तारापूर एमआयडीसीत त्यानं सत्तावीस वर्षं शिफ्ट केली. गेल्या वर्षापासून तो डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. मामी त्याच्या पाण्याचे घोट मोजते. मामाचा मुलगा, म्हणजे माझा दादा, त्याला घेऊन जातो, आत सोडतो आणि बाहेर येऊन समोरच्या टपरीवर चहा घेतो. चहासोबत एक सिगारेट.

एकदा मीही सोबत गेले होते. दादानं सिगारेट शिलगावली आणि मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "अगं, बाबांच्या किडन्या गेल्यात, फुप्फुसं नाही. सिगारेटचा काय संबंध?"

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. फुप्फुस, घसा, तोंड, हृदय हे सगळं आपल्याला माहीत असतं. पण किडनी? धूर तर छातीत जातो. किडनी कमरेच्या वर, पाठीकडे, गुपचूप बसलेली. म्हणून मी शोधायला बसले. त्यातून जे निघालं तो सगळा इतिहासच होता. तोच आज सांगते.

सुरुवात आपल्याच किनाऱ्यावरून करू.

चिंचणीच्या खाडीपलीकडे तारापूरचा किल्ला आहे. बोईसरला राहणारे अर्धेअधिक लोक तारापूर म्हटलं की अणुशक्ती केंद्र आणि एमआयडीसी एवढंच सांगतात. केंद्र सुरू झालं १९६९ मध्ये. किल्ला त्याच्या कितीतरी आधीचा. वसईपासून डहाणूपर्यंतची ही पट्टी पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, जानेवारी १७३९ मध्ये, मराठ्यांनी तारापूर घेतलं. बाजी भिवराव रेठरेकर इथेच पडले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली.

पोर्तुगीज गेले, पण त्यांनी आणलेल्या बऱ्याच गोष्टी राहिल्या. मिरची, बटाटा, पाव आणि तंबाखू. तंबाखू हा आपला शब्दसुद्धा त्यांच्याच 'तबाको'वरून आलेला. हे झाड मूळचं अमेरिकेतलं. जहाजांतून ते पश्चिम किनाऱ्यावर उतरलं आणि तिथून दख्खनमध्ये पसरलं.

दख्खनमधून ते दिल्ली-आग्र्याकडे कसं गेलं, याची एक झकास नोंद आहे. असद बेग नावाचा अकबराचा सरदार विजापूरला गेला होता. साधारण १६०४ च्या सुमारास तो परत आला तेव्हा त्यानं नजराण्यात तंबाखू आणि एक सजवलेली चिलीम आणली. बादशहानं कुतूहलानं दोन-चार झुरके घेतले. शेजारी उभ्या असलेल्या हकिमानं त्याला थांबवलं. त्याचं म्हणणं साधं होतं: या वस्तूबद्दल आमच्या ग्रंथांत काहीच लिहिलेलं नाही, मग माहीत नसलेली गोष्ट बादशहाला कशी देऊ? असद बेगनं उलट वाद घातला की जगात प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीनच असते. शेवटी दरबारातल्या इतर लोकांना तंबाखू आवडली, मागणी वाढली आणि व्यापारी आणायला लागले. पुढे जहांगीरनं १६१७ मध्ये बंदी घातली, ती काही टिकली नाही.

मला यातला तो हकीम आवडतो. त्याच्याकडे पुरावा नव्हता, पण प्रश्न बरोबर होता. हे शरीरात जाऊन नेमकं करतं काय? याचं उत्तर यायला पुढे साडेतीनशे वर्षं लागली. किडनीच्या बाबतीत तर त्याहूनही जास्त.

का लागली? दोन कारणं आहेत.

पहिलं कारण असं की सिगारेट आज आहे तशी तेव्हा नव्हतीच. चिलीम, हुक्का, विडी, सगळं हातानं भरायचं, वळायचं. सराईत कामगार मिनिटाला चारेक सिगारेटी वळायचा. १८८१ मध्ये अमेरिकेत जेम्स बॉन्सॅक नावाच्या तरुणानं यंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र मिनिटाला दोनशे सिगारेटी काढायचं. तिथून सिगारेट स्वस्त झाली, खिशात मावायला लागली आणि दिवसाला वीस ओढणं शक्य झालं. भारतात इम्पीरियल टोबॅको कंपनी १९१० मध्ये कलकत्त्यात उभी राहिली. आपल्या पश्चिम रेल्वेच्या वाटेवर, विलेपार्ल्यात, गोल्डन टोबॅकोचा कारखाना आला. 'पनामा' त्यांचीच. घरात आजोबांना विचारा, पनामाचं पाकीट त्यांना आठवेल.

दुसरं कारण किडनी स्वतःच. हा अवयव तक्रार करत नाही. दोन्ही किडन्यांत मिळून साधारण वीस लाख बारीक गाळण्या असतात. हृदय जेवढं रक्त फेकतं, त्याचा जवळपास पाचवा हिस्सा या दोन मुठीएवढ्या अवयवांतून जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातलं जवळजवळ सगळं शरीर परत घेतं. दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडते. काही गाळण्या बंद पडल्या तर उरलेल्या जास्त काम करतात. त्यामुळे दुखत नाही, कळत नाही. पायाला सूज, धाप, मळमळ हे सगळं दिसेपर्यंत बरंचसं काम संपलेलं असतं. मामाचं तेच झालं. बीपी वाढलेलं होतं, गोळी कधी घेतली, कधी नाही. "मला काही होत नाही" हे त्याचं पालुपद होतं.

पण लघवी खोटं बोलत नाही, हे एका इंग्रज डॉक्टरनं फार आधी दाखवलं होतं. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले रिचर्ड ब्राइट. १८२७ मध्ये त्यांनी सूज आलेल्या रुग्णांबद्दल लिहिलं. ते चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर धरायचे. किडनी आजारी असेल तर लघवीत गोठल्यासारखा पांढरा थर यायचा, अंड्याचा पांढरा भाग तव्यावर होतो तसा. ते होतं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन. चांगली गाळणी ते सोडत नाही, फाटकी गाळणी सोडते. आज लॅबमध्ये लघवीतलं अल्ब्युमिन तपासतात तेव्हा ब्राइटांचाच प्रश्न विचारतात, फक्त मेणबत्ती नसते.

निदान जमलं, उपाय मात्र नव्हता. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, नेदरलँड्समधल्या कॅम्पेन गावात विलेम कोल्फ या डॉक्टरनं पहिलं उपयोगी डायलिसिस यंत्र बनवलं. नाझींचा कब्जा होता, सामान मिळत नव्हतं. त्यानं सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी ढोलाला गुंडाळल्या आणि त्यातून रुग्णाचं रक्त फिरवलं. सुरुवातीचे जवळपास सगळे रुग्ण गेले. १९४५ मध्ये बेशुद्ध असलेली एक बाई त्या यंत्रामुळे शुद्धीवर आली आणि जगली. मामाच्या खाटेशेजारचं ते यंत्र बघितलं की मला तो लाकडी ढोल आठवतो.

आपल्याकडची गोष्ट मुंबईत घडली. मे १९६५ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात भारतातलं पहिलं मानवी किडनी प्रत्यारोपण झालं. मृत व्यक्तीची किडनी वापरली होती. रुग्णाला किडनीचा कर्करोग होता. पुढे १९७१ मध्ये वेल्लोरला जिवंत दात्याच्या किडनीचं प्रत्यारोपण यशस्वी झालं.

आणि 'डायलिसिस' हा शब्द घराघरांत पोचला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत ते अटकेत होते. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटले तेव्हा त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. त्यांना मुंबईत जसलोकमध्ये आणलं. तिथून ऑक्टोबर १९७९ मध्ये जाईपर्यंत ते डायलिसिसवर जगले. आधीच सांगते, जेपींच्या आजाराचं कारण सिगारेट होतं असं मी अजिबात म्हणत नाही. मी तारखा शेजारी ठेवून बघते एवढंच. कारण त्याच काळात, १९७५ च्या कायद्यानुसार, सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा छापणं सक्तीचं झालं आणि १ एप्रिल १९७६ पासून ते अमलात आलं. एकाच वेळी देश 'डायलिसिस' शब्द शिकत होता आणि 'सिगारेट आरोग्याला हानिकारक' हे वाचत होता. पण या दोन गोष्टी जोडणारं वाक्य कोणाकडेच नव्हतं.

ते वाक्य १९७८ मध्ये आलं. डेन्मार्कमध्ये लहान वयात मधुमेह झालेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांचा अभ्यास झाला. मधुमेह सगळ्यांनाच होता. पण त्यातल्या सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये किडनीचा आजार जास्त आढळला. सन २००० मध्ये नेदरलँड्समधल्या खोनिंगन शहरातल्या सात हजारांहून जास्त लोकांवरचा अभ्यास छापून आला. यातल्या लोकांना मधुमेह नव्हता. तरी ओढणाऱ्यांच्या लघवीत अल्ब्युमिन जास्त सापडलं आणि सिगारेटी जितक्या जास्त, तितकं प्रमाण वाढत गेलं. २००४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालानं धूम्रपानानं होणाऱ्या आजारांच्या यादीत किडनीचा कर्करोगही घातला.

आता दादाच्या प्रश्नाकडे येऊ. धूर छातीत, मग किडनी का?

एक. धूर छातीत राहत नाही. निकोटीन काही सेकंदांत रक्तात उतरतं. शरीर अॅड्रेनलिन सोडतं, ठोके वाढतात, बीपी चढतं, रक्तवाहिन्या आकसतात. किडनी म्हणजे रक्तवाहिन्यांचंच गाठोडं. दिवसातून दहा वेळा तिच्यावर हा दाब येतो.

दोन. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो. बाकीची रसायनं रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खरवडतात. गाळणी त्याच अस्तराची बनलेली असते. ती फाटली की प्रथिन गळतं. फिल्टरवाली सिगारेट घेऊन यातून सुटका नाही, कारण फिल्टर हा वायू अडवत नाही. विडीही 'नैसर्गिक पान' म्हणून सुरक्षित होत नाही.

तीन. हे मला स्वतःला नवीन होतं. कॅडमियम. तंबाखूचं झाड जमिनीतला हा जड धातू पानात ओढून घेतं. धुरातून तो रक्तात जातो आणि साठतो कुठे? किडनीत. एकदा गेला की त्यातला अर्धा बाहेर पडायलासुद्धा दहा ते तीस वर्षं लागतात. ओढणाऱ्याच्या शरीरात न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट कॅडमियम सापडतं. जपानमध्ये जिंझू नदीच्या काठी खाणीचं पाणी भातशेतीत गेलं, कॅडमियमनं बायकांच्या किडन्या बिघडल्या आणि हाडं इतकी ठिसूळ झाली की त्या आजाराचं नावच 'इताई-इताई' पडलं, म्हणजे 'दुखतंय-दुखतंय'. जपान सरकारनं १९६८ मध्ये तो प्रदूषणानं झालेला आजार म्हणून मान्य केला. एका सिगारेटमध्ये तेवढा कॅडमियम नसतो. पण धातू तोच, आणि साठायची जागाही तीच.

हे सगळं मी दादाला ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि बोईसरचा प्रत्येक माणूस देतो ते उत्तर दिलं. "अगं, इथली हवा बघ. रात्री एमआयडीसीतून येताना वास येतो तो काय अगरबत्तीचा आहे? त्यात माझ्या एका सिगारेटनं काय फरक पडणार?"

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात औद्योगिक पट्ट्यांमध्ये तारापूर देशात सगळ्यात वर होतं. इथल्या सांडपाण्यामुळे खाडी आणि मासेमारी मेली म्हणून मांगेला समाजाच्या परिषदेनं २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. म्हणजे दादाची तक्रार खरीच आहे. कारखान्यांना आणि मंडळाला प्रश्न विचारणं थांबवायचं नाहीच.

पण हिशेब उलटा आहे. भांडं आधीच काठोकाठ भरलं असेल तर वरचा एक थेंबही सांडतो. हवा वाईट, उकाड्यात घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचं, अंगदुखीला वाटेल तशा पेनकिलर घ्यायच्या, घरात बीपी आणि शुगर. किडनी या सगळ्यांची एकत्र बेरीज करते. बोईसरची हवा दादा एकटा आज रात्री बदलू शकत नाही. हातातली सिगारेट विझवू शकतो. इथली हवा खराब आहे हे सिगारेट ओढण्याचं कारण नाही, तेच ती सोडण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

आता थोडं कायद्याचं. कारण आज आपण लोकलच्या डब्यात धुराशिवाय बसतो, ते आपोआप झालेलं नाही. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयानं रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, कचेऱ्या, न्यायालयं, रेल्वेसकट सार्वजनिक वाहनं इथे धूम्रपानाला मनाई केली. न ओढणाऱ्यानं दुसऱ्याचा धूर का सोसायचा, हा त्यामागचा मुद्दा. २००३ मध्ये नवा कायदा आला. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणांचे नियम कडक झाले. २००९ पासून पाकिटावर चित्रं आली. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रानं सुट्ट्या सिगारेटी आणि विड्या विकायला बंदी केली, कारण सुट्टी सिगारेट घेतली की पाकिटावरचा इशारा दिसतच नाही.

ती बंदी टपरीवर किती पाळतात ते तुम्हीही बघता. आणि पाकिटावर मी आजवर तोंड, घसा, फुप्फुसं बघितली. किडनी मला कधी दिसली नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या राज्याबद्दल चांगली आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, देशात १०.७ टक्के. पण लगेच पाठ थोपटू नका. कोणत्याही स्वरूपात तंबाखू घेणारे आपल्याकडे २६.६ टक्के निघाले. म्हणजे आपण धूर कमी काढतो आणि मळून जास्त खातो. निकोटीन तेही आहे, बीपी तेही चढवतं.

मामाबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते तसंच सांगते. ते म्हणाले, नुसत्या सिगारेटनं किडनी गेली असं मी लिहून देणार नाही. बीपीनं आग लावली, सिगारेटनं तेल ओतलं. पंधरा वर्षांपूर्वी दोन्ही आवरलं असतं तर कदाचित आज तुम्ही इथे नसता. मामा खाली बघत होता. मामीनं विचारलं, "आता सोडून काय उपयोग?" डॉक्टर म्हणाले, उपयोग आहे. हृदयाला आहे, रक्तवाहिन्यांना आहे, पुढे प्रत्यारोपण करायचं ठरलं तर त्यालाही आहे. मामानं सोडली. सत्तावीस वर्षांची सवय, डायलिसिसच्या दुसऱ्या महिन्यात.

आणि ज्यांच्या किडन्या अजून शाबूत आहेत, त्यांच्यासाठी तर हिशेब अगदी सोपा. गेलेली गाळणी परत येत नाही. पण सिगारेट सुटली की ठोके आणि बीपी लगेच खाली यायला लागतात, कार्बन मोनॉक्साइड एका दिवसाच्या आत उतरतो आणि किडनी खराब होण्याचा वेग कमी होतो. तीन गोष्टी तपासून घ्या: बीपी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. तुम्ही ओढत असाल, घरात कुणाला शुगर किंवा किडनीचा आजार असेल, तर वयाची पंचविशी-तिशी म्हणून थांबू नका.

सोडायला मदत हवी असेल तर सरकारचा मोफत नंबर आहे: १८००-११-२३५६. तो सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. ज्यानं लावली सवय, तोच सोडवायचा नंबर हातात देतो, बघा.

दादाचं काय झालं? फार मोठं काही नाही. मागच्या महिन्यात मी हट्ट करून त्याची तपासणी करायला लावली. क्रिएटिनिन ठीक आलं. बीपी १५० वर ९६. चौतीस वर्षांचा आहे तो. लघवीत थोडं अल्ब्युमिन आहे, तीन महिन्यांनी परत बघायला सांगितलंय. तो रिपोर्ट घेऊन बराच वेळ बोईसर स्टेशनच्या बाकावर बसला होता. डहाणूकडे जाणारी एक गाडी गेली, तरी उठला नाही.

दिवसाच्या आठ होत्या, त्या तीनवर आल्यात. सुटली असं मी म्हणणार नाही, कारण सुटलेली नाही. पण परवा मामाला आत सोडून तो बाहेर आला, टपरीवर गेला आणि नुसता चहा घेतला. मग मला फोन केला आणि म्हणाला, "तो नंबर काय म्हणालीस? परत सांग."

मी परत सांगितला. तुम्हालाही कुणाला सांगायचा असेल तर हा भाग त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात. पाणी प्या, काळजी घ्या.